सेल्फचा जनक आणि कळकलेली तार

गाडी सुरू करण्याला आपल्याकडे ‘सेल्फ मारणे’ म्हणतात. रिक्षा असो, मोटार असो की ट्रक असो, सेल्फ लागला की जीव भांड्यात पडतो आणि नाही लागला की चार माणसे धक्का मारायला बोलवावी लागतात. हा ‘सेल्फ’ म्हणजे ‘सेल्फ-स्टार्टर’ या इंग्रजी शब्दाचा अर्धा तुकडा. तो शब्द आपण इतका वापरला की झिजून निम्मा झाला, पण ज्याने ती वस्तू दिली त्या माणसाचे नाव मात्र आपल्या कानावरून क्वचितच गेले असेल. त्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

बँकेतून निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायची आणि उरलेल्या वेळात एक जुनी गाडी सांभाळायची, असे दोन उद्योग मी लावून घेतले आहेत. गाडी १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. अलिबागच्या बाजूला आमचे घर आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने गाडीच्या अंगातल्या तारा कळकल्या आणि त्या दुरुस्त होताना पाहता पाहता मनात आले, की या पत्र्याच्या डब्यात पहिल्यांदा वीज खेळवली कोणी? त्या प्रश्नाचा माग काढत मी केटरिंगपाशी पोचलो. माणूस असा निघाला, की त्याला हात जोडावेत की जाब विचारावा, हे ठरवताना अजूनही मन कचरते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मोटार डोळ्यांसमोर आणा. पुढचे दिवे गॅसबत्तीचे, पाण्यात कार्बाइड टाकून पेटवायचे. भोंगा रबरी, हाताने दाबायचा. आणि इंजिन सुरू करायचे ते पुढच्या तोंडात लोखंडी हँडल घालून, कंबर वाकवून गरागरा फिरवून. आपल्याकडेही अँबॅसेडरच्या नि जीपच्या डिकीत असे हँडल पुढे कित्येक वर्षे असे, आणि अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा धडा नवशिक्याला आधी मिळे. कारण इंजिनाने उलटा झटका दिला, तर आडवा आलेला अंगठा किंवा मनगट मोडलेच म्हणून समजा. अमेरिकेत अशा झटक्यांनी हात आणि जबडे मोडत. मोटार ही धट्ट्याकट्ट्या पुरुषांची चीज होती ती त्यामुळेच.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६चा, ओहायो राज्यातल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतातला. पाच भावंडांतला हा चौथा. बुद्धी तल्लख, पण डोळे अधू. जरा वाचन झाले की डोके ठणकायला लागे. शाळामास्तरकी करून त्याने पैसे जमवले आणि कॉलेजात गेला, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडावे लागले. तेव्हा तो टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत मजूर म्हणून लागला. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा जोडायच्या. उघड्यावरची तार, ऊन-पाऊस-बर्फ खाणारी. तिचा एक सांधा सैल झाला किंवा कळकला तर मैलभर पलीकडचा आवाज बसतो. विजेच्या कामात तारेपेक्षा सांधा महत्त्वाचा, हे शिक्षण त्याला वर्गाबाहेर, खांबावर मिळाले. पुढे तो पुन्हा ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. सोबतची मुले त्याला पुस्तके वाचून दाखवत आणि हा ऐकून लक्षात ठेवी. १९०४ मध्ये तो विजेचा इंजिनिअर झाला.

नोकरी लागली ती डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानात गल्ल्यावर असते ते हिशेबाचे यंत्र बनवणारी ही कंपनी. तोवर ते यंत्र हाताने दांडा ओढून चाले. केटरिंगने १९०६च्या सुमारास त्याला विजेची छोटी मोटर बसवली. शिवाय दुकानदाराने टेलिफोनवरून विचारायचे आणि गिऱ्हाइकाला उधार द्यायचे की नाही हे मुख्य कचेरीतून तिथल्या तिथे ठरून यायचे, अशीही एक सोय त्याने तयार केली. आयुष्यभर पत तपासून कर्जे मंजूर करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना गंमत वाटली. आज कार्ड घासल्यावर होते ते हेच, सव्वाशे वर्षांपूर्वी तारेवरून चाललेले.

कंपनीतलाच वरिष्ठ एडवर्ड डीड्स याच्या घरामागे एक गोठीवजा कोठार होते. दिवसा नोकरी करून केटरिंग आणि त्याचे सवंगडी रात्री तिथे जमत. पहिले काम हाती घेतले ते ठिणगीचे. पेट्रोल इंजिनात योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे. केटरिंगच्या रचनेत बॅटरीचा प्रवाह एका कॉइलमधून जातो, फिरता खटका तो क्षणात तोडतो, आणि तुटताक्षणी कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका उमटून प्लगला ठिणगी पडते. गाडीचे पॉइंट, कॉइल, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर हे शब्द ज्यांच्या घरात बोलले गेले आहेत, त्यांच्या गाडीचे हृदय केटरिंगच्या याच रचनेवर धडधडत होते. माझ्या पद्मिनीचे आजही धडधडते. कॅडिलॅक कंपनीने या संचांची हजारोंनी मागणी नोंदवली. १९०९ मध्ये केटरिंगने नोकरी सोडली आणि डीड्सबरोबर डेल्को ही कंपनी काढली.

सेल्फच्या जन्माची एक कथा अमेरिकेत नेहमी सांगतात. बायरन कार्टर हा मोटार बनवणारा गृहस्थ वाटेत अडलेल्या एका बाईच्या गाडीला हँडल मारायला गेला, हँडलने उलटा तडाखा दिला, जबडा मोडला आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याचा तो मित्र. आपल्या गाडीने यापुढे माणूस मरता कामा नये, या हट्टाने लेलँडने केटरिंगला बोलावून घेतले, असे म्हणतात.

जाणकारांचे म्हणणे होते, की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल, मग गाडीत माणसे कुठे बसणार? केटरिंगला गल्ल्याच्या यंत्रातली मोटर आठवली. तिला दिवसभर चालायचे नसते, एका हिसक्यापुरता जोर लावायचा असतो. छोट्या मोटरवर काही सेकंद झेपेल त्याहून जास्त भार टाकला, तर ती काम करते आणि मग थंड व्हायला तिला पुष्कळ वेळ मिळतो. फेब्रुवारी १९११ मध्ये हा संच कॅडिलॅकवर चालवून दाखवण्यात आला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्या सेल्फसह बाजारात आल्या. एकच यंत्र आधी २४ व्होल्टवर मोटर होऊन इंजिन फिरवी आणि इंजिन चालू झाले की डायनामो बनून ६ व्होल्टने बॅटरी भरी. त्याच बॅटरीवर दिवे लागत. बॅटरी, डायनामो, सेल्फ, ठिणगी आणि दिवे असा सगळा संसार मोटारीत एकदमच मांडला गेला. १९१३ मध्ये याच कामगिरीसाठी कॅडिलॅकला इंग्लंडची मानाची ड्युअर ट्रॉफी मिळाली.

याचे परिणाम दूरवर गेले. बायका, वयस्क माणसे, अंगाने किरकोळ माणसे, सगळ्यांना मोटार खुली झाली. गंमत अशी, की हँडलची कटकट नको म्हणून त्या काळी श्रीमंत घरांतल्या बायका विजेवर चालणाऱ्या मोटारी वापरत. पेट्रोलच्या गाडीला सेल्फ आला आणि तिने विजेच्या गाडीची सद्दी संपवली. विजेनेच विजेची गाडी मागे टाकली.

मुंबईशीही या वंशावळीचा धागा जुळतो. केटरिंगची कंपनी पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली आणि त्याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९५४ मध्ये तो बंद झाला. तोवर वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची कुर्ल्याची गाडी रुळावर आली होती. इंजिनाच्या मिस्त्रीपाठोपाठ फक्त वायरिंग पाहणारा मिस्त्री ही स्वतंत्र जात या शहरात तयार झाली. फळकुटावर पक्कड, टेस्टर, काळी टेप आणि एक बल्ब मांडून बसणारी ही माणसे ग्रँट रोडपासून कल्याणपर्यंत दिसत. मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली, पण जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी यांतले काही अजून कामावर आहेत.

असाच एक मिस्त्री माझ्या गाडीला लाभला. मला काका म्हणतो, पण गाडीशी बोलताना मी तिथे आहे हेही विसरतो. तक्रार साधी होती. बॅटरी नवी, तरी पुढचे दिवे पणतीसारखे आणि सेल्फ नुसता टक करून गप्प. त्याने आधी बॅटरीची अर्थची, म्हणजे ऋण टोकाची तार सोडवली, दिसणाऱ्या प्रत्येक तारेला कागदी पट्टी चिकटवून आकडे घातले, कोणती तार कुठून कुठे जाते त्याचा नकाशा वहीत काढला आणि मगच बॅटरी परत जोडून मीटर हातात घेतला.

दिवा काढून होल्डरवर मोजले तर १२ व्होल्ट बरोबर. दिवा लावून मोजले तर जेमतेम १०. हे कसे, तर तारेत शंभर पदरांपैकी एक जरी पदर शाबूत असला तरी बिनभाराच्या तपासणीत तार पूर्ण व्होल्ट दाखवते. भार टाकला, प्रवाह वाहू लागला, की तिचा खरा कस कळतो. मी मनात म्हटले, हे तर आमचे कर्जखाते! कागदोपत्री सगळे चोख, आणि मागणी केली की मग कळते पाणी कुठे मुरते आहे ते. दिव्याला दोन व्होल्ट कमी पडले की उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. सेल्फचे गणित तर आणखी कडक. तो दीडशे अँपियर सहज खेचतो. वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जळून जातात.

मग त्याने मीटरचे एक टोक बॅटरीवर आणि दुसरे तारेच्या वाटेवर एकेका सांध्याला लावत चोर शोधला. चोर दोन निघाले. दिव्याची अर्थची तार जिथे पत्र्याला स्क्रूने आवळली होती, तिथे रंग आणि गंज यांचा थर होता. आणि डॅशबोर्डामागे पूर्वी कधीतरी कुणीतरी दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळला होता. टेप सोडला तर आत हिरवी भुकटी. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकायचे, त्यातलाच हा प्रकार. ओल आणि मीठ तांब्याला खातात, आणि बारीक पदरांच्या तारेत ओल वातीतल्या तेलासारखी आतल्या आत चढत जाते. वरून प्लास्टिक नवेकोरे, आत तार काळी.

भांडे चिंचेने घासतो तशी ही तार घासून चालत नाही. आंबट पदरांत राहून जाते आणि पुढे तेच तारेला खाते. काळ्या तांब्यावर सोल्डरही धरत नाही. उपाय एकच, चकचकीत तांबे लागेपर्यंत तार मागे मागे छाटत जायची. आमच्या तारेत ते लागायला वीतभर मागे जावे लागले. मग तेवढ्याच जाडीची, त्याच रंगाची, शक्य तर कल्हई केलेली तार जोडायची, टोकाला थिंबल घट्ट दाबून बसवायचे, गरम केल्यावर आकसणारी नळी वर चढवायची, आणि तार पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे घालायचे, म्हणजे ती घासून उघडी पडत नाही. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली पट्टी तर सगळ्यात आधी पाहायची. इंजिन रबरावर बसलेले असते, त्यामुळे सेल्फचा सगळा प्रवाह त्या पट्टीवरूनच परततो. पट्टी कळकली तर तो दुसरी वाट शोधतो आणि चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल हात भाजेल इतकी तापते. सगळे झाल्यावर बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली. काम चार दिवस चालले. त्यात जोडणे थोडे होते आणि शोधणे फार.

केटरिंगची कामाची रीतही हीच होती. कागदावरच्या आकड्यांपेक्षा यंत्र चालवून पाहायचे, दोष असेल तिथपर्यंत बोट न्यायचे. १९२० पासून १९४७ पर्यंत तो जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. तिथे त्याने अपयशही पाहिले. इंजिन पाण्याऐवजी तांब्याच्या पंख्यांनी, वाऱ्यावर थंड ठेवायची त्याची कल्पना होती. १९२३ मध्ये अशा शेव्हर्ले गाड्या बाजारात आल्या आणि परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग राजीनामा द्यायला निघाला होता. कंपनीचा अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन याने समजूत घालून त्याला थांबवले.

पण त्याच्या आयुष्यातला खरा कळकलेला सांधा वेगळाच आहे. बॅटरीवरच्या ठिणगीमुळे इंजिन ठोके मारते, असा आळ त्याच्या रचनेवर आला होता. दोष ठिणगीचा नसून इंधनाचा आहे, हे त्याला दाखवून द्यायचे होते. त्याने थॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याला कामाला लावले. पाच वर्षांच्या खटपटीनंतर ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजलीला औषध सापडले, टेट्राएथिल लेड, म्हणजे शिसे. गॅलनभर पेट्रोलला चहाचा चमचाही भरणार नाही इतके घातले की ठोके बंद. अल्कोहोल मिसळूनही ठोके थांबतात, हे याच प्रयोगशाळेला ठाऊक होते. पण अल्कोहोल पुरेसे मिळेल का याची शंका होती, आणि ते कुणाच्या मालकीचे करता येत नव्हते. शिशाच्या औषधाचे पेटंट घेता येत होते. मालाला नाव दिले ‘एथिल’. नावात शिसे कुठेच नव्हते. १९२४ मध्ये निघालेल्या एथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष होता केटरिंग.

शिसे विषारी असते, हे जगाला प्राचीन काळापासून माहीत होते. मिजली स्वतः त्याने आजारी पडून विश्रांतीला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. ओरड झाली, विक्री थांबली, १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. सरकारी समितीने काही महिन्यांची पाहणी केली, बंदी घालावी असे काही सापडले नाही म्हणून सांगितले, आणि वर्षानुवर्षांच्या परिणामांकडे पुढे लक्ष ठेवा असे बजावलेही. विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढचे लक्ष ठेवायचे राहून गेले. मला पुन्हा तो मीटर आठवतो. बिनभाराची तपासणी झाली होती. भार पुढच्या साठ-सत्तर वर्षांत, जगभरातल्या मुलांच्या रक्तावर पडणार होता. शिसे वाढत्या मेंदूला इजा करते, बुद्धी खुंटवते. ही गोष्ट दूरच्या देशाची नाही. आपल्याकडे महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये आले आणि १ फेब्रुवारी २०००पासून ते देशभर लागू झाले. त्याआधी ज्या गाडीतून आपण पोराबाळांना घेऊन रविवारी चौपाटीला गेलो, तिच्या धुरात हे शिसे होते. जगातला शेवटचा असा पंप अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला.

सांध्यापर्यंत बोट नेणारा हा माणूस इथेच का थांबला? तो दुष्ट होता, असे मला त्याचे चरित्र वाचून वाटत नाही. खेड्यातल्या घरांना ३२ व्होल्टची वीज देणारी डेल्को-लाइट ही छोटी यंत्रे त्याने १९१६ पासून विकली आणि लाखो शेतकऱ्यांची रात्र उजळली. रेल्वेला डिझेलची इंजिने मिळाली त्यात त्याचा आणि त्याच्या मुलाचा, युजीनचा, मोठा वाटा होता. १९४५ मध्ये स्लोनच्या देणगीतून न्यूयॉर्कला कर्करोगाच्या संशोधनाची संस्था उभी राहिली, तिला दोघांची नावे आहेत, स्लोन-केटरिंग. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने गेली. मला वाटते, यंत्राच्या दोषाकडे तो शंका घेऊन पाहत असे आणि आपल्या यशाकडे मात्र शंका घेऊन पाहणे त्याला जमले नाही. टेप गुंडाळलेला सांधा चालू असेल तोवर कुणी सोडून पाहत नाही.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, डेटनमध्ये त्याचे निधन झाले. नावावर १८०हून अधिक पेटंटे होती. त्याच्या प्रयोगशाळेने बाजूला ठेवलेले अल्कोहोल आता आपल्या उसाच्या मळीतून, साखर कारखान्यांच्या टाक्यांतून परत आले आहे. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर पोचले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, त्या बदलाव्या लागतात. तेही आपण करू. पण या वेळी वर्षानुवर्षांचे मोजमाप कुणीतरी ठेवत राहावे, एवढी अपेक्षा केटरिंगची कहाणी वाचलेल्या माणसाने धरावी.

बँकेच्या खातेवहीत जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला लिहितात. एकातून दुसरे वजा करून शिल्लक काढता येते. माणसाच्या बाबतीत मला ते करवत नाही. हँडलच्या तडाख्यातून वाचलेले हात जमेच्या रकान्यात आहेत, शिशाने कोमेजलेली मुले नावेच्या. दोन्ही रकाने खरे आहेत आणि दोन्हींच्या खाली सही एकाच माणसाची आहे.